पूजा केलेली घरघंटी

घरघंटी आमच्या हॉलमध्ये उभी होती तोपर्यंत मला घरात धड बसता आलं नाही. दिसायला ते पांढरं छोटं कपाटच. वरून धान्य ओतायचं, खाली डब्यात पीठ. बंद असली तरी मला तिची घरघर ऐकू यायची. मी उठायचो, गॅलरीत जायचो, खाली रिक्षावाल्यांची भांडणं बघायचो, परत आत यायचो. ती तिथंच. मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात, तिथून परत गॅलरीत. आमची ही म्हणायची, "अहो, एका जागी बसा की घटकाभर. मला गरगरायला लागलंय तुमच्या फेऱ्या बघून."

"बसतो," म्हणायचो आणि बसायचो नाही.

पहिल्यापासून सांगतो. मी चौथी पास आहे. साताऱ्याकडच्या कोरड्या मुलखातून आलो, डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात लागलो, तिथंच म्हातारा झालो. त्या दिवशी कुठला रंग चाललेला ते माझ्या रुमालावरून घरात कळायचं. मला वाचता येतं. हळू येतं, ओळीखाली बोट धरून येतं, पण पेपर मी शेवटच्या पानापर्यंत वाचतो, जाहिरातींसकट. अडाणी म्हटलेलं मी कोणाचं ऐकून घेत नाही. एकदा एक सुपरवायझर म्हणालेला. त्याच्याशी मी रिटायर होईपर्यंत बोललो नाही. कामाचं काय असेल ते हातवारे करून.

आम्ही ठाकुर्लीला राहतो. पूर्वी इथं आमची चाळ होती आणि चाळीच्या तोंडाशी पिठाची गिरणी. चाळ पाडली, बिल्डिंग उभी राहिली, आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. गिरणीवाल्याने त्याला मिळालेला गाळा भाड्याने दिला, तिथं आता मोबाईलची कव्हरं लटकतात. म्हणजे दळणाला रेल्वेच्या पलीकडे जायचं. पुलाच्या पायऱ्या चढून डबा न्यायचा, गरम डबा घेऊन परत यायचं. मी नेत होतो. एकदा पुलावर मला दम लागला आणि मी डबा शेजारी ठेवून पायरीवर टेकलो. येणाऱ्याजाणाऱ्यांनी मला ओळखलं, घरी बातमी माझ्या आधी पोचली. त्या दिवसापासून हिने माझा डबा बंद केला.

आमच्याकडे रोज ज्वारीची भाकरी. दुकानातलं पिशवीचं पीठ हिला चालत नाही. "कधी दळलंय, कोणी दळलंय, मेलं काय माहीत," म्हणते. तर अशा अडचणीत आम्ही असताना दुपारी बेल वाजली.

हिने दार उघडलं. बाहेर एक बाई, तिशी-पस्तिशीची, नीटनेटकी, गळ्यात पट्ट्याला कार्ड. ते कार्ड उलटं फिरलेलं होतं, पाठीमागची कोरी बाजू पुढं. हे मला तेव्हाच दिसलेलं. पण त्याचं काय करायचं ते तेव्हा माहीत नव्हतं.

"मावशी, पिठाच्या गिरण्यांचा सर्व्हे चाललाय. तुमचं दळण कुठून येतं?"

आता या प्रश्नावर आमची ही गप्प बसणार आहे का? तिने पुलापासून सुरुवात केली ती माझ्या गुडघ्यांवर येऊन थांबली. तोवर बाई आत येऊन बसलेली, पाणी पिऊन झालेलं, चहा ठेवलेला.

"गाव कुठलं, मावशी?"

हिने सांगितलं.

"अय्या! माझं माहेर तिकडचंच की. म्हणजे तुम्ही माझ्या मावशीच झालात खरोखरच्या."

मग माझ्याकडे वळली. "काका, या वयात तुम्ही डबा उचलता? मुलगा नाही का?"

"मुलगी आहे. कल्याणला," मी म्हणालो. "आणि माझ्या वयाला काय झालंय?"

"काही नाही काका, रागावू नका. दिसता हो तुम्ही तब्येतीने."

सर्व्हे कुठं गेला कोणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी बाई एका माणसाला घेऊन आली आणि तो माणूस घरघंटी घेऊन आला. फक्त दाखवायला. ज्वारी तिने स्वतःच्या पिशवीतून आणलेली, मूठभर. दळून दाखवली. पीठ मऊ, हिने चिमटीत धरून बघितलं, मला बघायला दिलं. बाई म्हणाली, "आठ दिवस ठेवा, वापरा. नाही आवडली तर मी स्वतः उचलून नेते. तुम्हाला खाली पण उतरायला लागणार नाही." हे वाक्य मी जसंच्या तसं सांगतोय, कारण पुढे यावरच सगळं फिरलं.

पैसे मात्र लगेच भरायचे. आज भरले तर सवलत, आणि पावती घरातल्या बाईच्या नावावर केली तर आणखी सवलत, वर एक स्टीलचा डबा. मी पैसे दिले. माझे पैसे, मी दिले, कोणाला विचारायला गेलो नाही. मुलीला फोनसुद्धा केला नाही. पावती हिच्या नावावर झाली.

मग बाई म्हणाली, "मावशी, नवी वस्तू घरात आली, हळदीकुंकू नाही लावायचं?"

हिला सांगायला लागतं? आमच्याकडे कुकर आला त्याची पूजा झालेली आहे, सिलिंग फॅनची झालेली आहे, मी तिसऱ्या हाताची सायकल आणलेली तिची झालेली आहे. हिने ताम्हण आणलं, झाकणावर कुंकवाने स्वस्तिक काढलं, हळद लावली, फूल ठेवलं. नारळ मी फोडला. बाईने मोबाईल काढला.

"मावशी, इकडे बघा. हसा की जरा!"

ही हसली. हिच्या लग्नातल्या फोटोत हिने मान वर केलेली नाही, आणि नंतर फोटो काढायला वेळ होता कोणाला. त्यामुळे तो फोटो चांगला आला असणार, असं मला तेव्हा वाटून गेलेलं.

आमची स्वतःची ज्वारी टाकली आणि घरघंटीने रंग दाखवला. थोडं दळलं की तापायची. पीठ हात लावू नये इतकं गरम पडायचं, त्याला करपल्यासारखा वास. भाकरी थापायला घेतली की कडेने फाटायची, उचलली की दोन तुकडे. पहिल्या दिवशी ही म्हणाली, पाणी कमी पडलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ज्वारी जुनी असेल. तिसऱ्या दिवशी परातीत हात तसेच ठेवून बसली. "माझाच हात गेला वाटतं आता," म्हणाली.

मला ते सहन झालं नाही. साठ माणसांच्या पंगतीला भाकऱ्या थापलेली बाई ही. मी म्हणालो, "तुझा हात नाही गेलेला. मशीन भिकार आहे."

बाईला फोन केला. पहिल्यांदा म्हणाली, "काका, नवीन आहे ना, जरा चालू द्या, मोकळी होईल." नंतर म्हणाली, "माणूस पाठवते." नंतर फोन वाजत राहायचा. मी रोज वाजवायचो. वाजवून झाला की गॅलरीत, गॅलरीतून आलो की परत फोन. एका सकाळी चप्पल घातली आणि पावतीवरचा पत्ता शोधत ठाण्याला गेलो.

ऑफिस म्हणजे एक गाळा, पुढं काच, आत एसी. टेबलामागे एक माणूस होता. माझं सगळं ऐकून घेतलं त्याने, मान हलवत. मग कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. आमची ही. हातात ताम्हण, शेजारी घरघंटी, आणि हसतेय.

"आजोबा, पूजा झालेली आहे ना? म्हणजे वस्तू तुम्ही घेतली, वापरात आणली. आता झाकणावर कुंकू बसलंय, ते निघत नाही. असा पीस आम्ही दुसऱ्याला कसा देणार? आणि बघा, मावशी किती खूश आहेत."

"पूजा करायला तुमच्याच बाईने सांगितलं."

"पण केली मावशींनी ना?"

मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. काचेबाहेरची माणसं थांबून बघत होती एवढं सांगतो.

घरी आलो आणि रागाच्या भरात सगळं हिला सांगून टाकलं, फोटोसकट. संध्याकाळी बघतो तर ही लिंबाची फोड आणि फडकं घेऊन घरघंटीचं झाकण घासत बसलेली. कुंकू गेलं, गुलाबी डाग राहिला. "निघत नाही हो," म्हणाली. "मी नसतं लावलं तर त्यांनी परत घेतली असती ना?"

"त्यांच्या बापाने घेतली नसती. तू घासू नकोस ते."

पण तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच. पुढच्या आठवड्यात मुलीकडे फ्रीज आला. आम्ही कल्याणला गेलो. मुलीने ताम्हण हिच्या हातात दिलं, ही मागे सरकली. "तूच लाव. मी लावलं की वस्तू परत जात नाही." मुलगी हसली, तिला वाटलं आई थट्टा करतेय. मी हसलो नाही. या बाईने उभ्या जन्मात कुठल्या वस्तूला कुंकू लावायला हात मागे घेतलेला मी बघितला नव्हता. त्या दिवशी परत येताना मी ठरवलं, पैसे मिळोत न मिळोत, हिचा हात मोकळा करायचा. हिने काही चुकीचं केलेलं नाही असं कोणीतरी मोठ्याने म्हणायला पाहिजे होतं. माझं म्हणणं हिला पुरत नव्हतं.

आमच्या पहिल्या मजल्यावर एक साहेब राहतात. बँकेतून रिटायर झालेले, बोलणं एकदम छापील. ग्राहकांच्या तक्रारींसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत ते आठवड्यातून दोन दिवस ठाण्याला जातात, फुकट. मला ते फारसे आवडत नव्हते. लिफ्टमध्ये भेटले की माझ्या हातातल्या पेपरकडे बघून विचारायचे, "वाचता का?" तरी गेलो. हिच्यासाठी गेलो.

त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ती बाई आली तेव्हा काय म्हणाली? विकायला आलेय असं म्हणाली?"

"नाही. सर्व्हे म्हणाली."

"ओळखपत्र?"

"होतं. उलटं."

साहेबांनी चष्मा काढला. त्यांना आनंद झालेला दिसला. "असं बघा. घरी येऊन माल विकणाऱ्यांसाठी नियम आहेत. तुमच्या परवानगीशिवाय, ओळखपत्राशिवाय दारात यायचं नाही. आल्या आल्या, तुम्ही विचारायच्या आधी, नाव सांगायचं, कंपनी सांगायची आणि विकायला आलोय हे सांगायचं. किंमत, वॉरंटी, माल परत घ्यायच्या अटी, सगळं आधी आणि लेखी. सर्व्हेचं सोंग करून घरात शिरणं म्हणजे ग्राहकाची दिशाभूल."

"आणि पूजा?"

"पूजेचं काय?"

"ते म्हणतात, पूजा केली म्हणजे वस्तू घेतली."

साहेब मोठ्याने हसले. मला राग आला. वर माझ्या घरात एक बाई त्याच पूजेपायी झाकण घासत होती. त्यांच्या लक्षात आलं असावं, हसणं थांबवून म्हणाले, "सदोष वस्तू परत घ्यायची मुदत पावतीवर नसेल तर कायदा तीस दिवस धरतो. तुम्ही त्याच्या आत गेलात. कुंकवाबद्दल कायद्यात एक अक्षर नाही."

मग त्यांनी अर्ज लिहायला घेतला. वकील लागत नाही, तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्ह्यात करता येते, हे सगळं सांगत लिहीत होते. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचलं. "तक्रारदार या वयोवृद्ध व अशिक्षित असून त्यांच्या अज्ञानाचा गैरफायदा घेऊन..."

"थांबा," मी म्हणालो. "ते खोडा."

"काय खोडा?"

"अशिक्षित. आणि अज्ञान."

"अहो, त्यानेच तर केस मजबूत होते. शिकलेल्या माणसाला विचारतील, तू वाचून का घेतलं नाहीस. तुम्हाला कोण विचारणार?"

"मी चौथी पास आहे."

"तुमचा प्रश्नच नाही. पावती वहिनींच्या नावावर आहे. तक्रारदार त्या. तुम्ही फक्त त्यांच्यातर्फे बोलणार."

हे मला नवीन होतं. पैसे माझे, ठाण्याला जाऊन शिव्या दिल्या मी, आणि तक्रारदार ही. पण माघार माझ्या स्वभावात नाही. "तिला पण नको," मी म्हणालो. "आमची लाज मांडून मिळालेला न्याय नको मला."

"यात लाज कसली? तुम्ही त्यांना विचारलंत तरी का?"

"काय विचारायचंय त्यात?"

बराच वेळ वाद झाला. चहा गार झाला. शेवटी साहेबांनी दोन्ही शब्द खोडले आणि पेन टेबलावर टाकलं. "मी वकील झालो नाही ते बरं झालं. तुमच्यासारखे चार अशील भेटले असते तर सनद परत केली असती."

तक्रार ठाण्याच्या ग्राहक आयोगात गेली. हिने अंगठा दिला. मग सुरू झालं वाट बघणं, आणि वाट बघणं हे काम मला कधीच जमलेलं नाही. कारखान्यात मशीन बंद पडलं तरी मी झाडू घेऊन फिरायचो. आता रोज लेटरबॉक्स उघडायला खाली, पोस्टमन दिसला की रस्ता ओलांडून त्याच्याकडे. तो म्हणायचा, "काका, तुमचं असलं की मी शिटी मारेन, तुम्ही घरी बसा." साहेबांच्या दारावरून जाताना मुद्दाम खोकायचो. त्यांनी बेलवर चिठ्ठी लावली, दुपारी झोपतो.

कंपनीचं उत्तर आलं. साहेबांनी वाचून दाखवलं, मी परत हातात घेऊन स्वतः वाचलं. ग्राहकाने वस्तूची स्वखुशीने पूजा करून ती स्वीकारली. वस्तूत दोष नाही. ग्राहकाला वापर कळला नाही. सोबत छायाचित्र. फोटो कागदावर छापलेला, रंग नसलेला. हिने तो खिडकीच्या उजेडात धरून बघितला.

"कुंकू काळं दिसतंय," एवढंच म्हणाली.

पुढे आयोगाने दोन्ही बाजूंना विचारून प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. समोरासमोर बसून मिटतंय का बघायचं. आम्ही तिघं ठाण्याला गेलो, ही, मी आणि साहेब. हिने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेलं. बाहेरच्या बाकावर ही पदर आवरून बसली आणि मी पॅसेजमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत. साहेब म्हणाले, "आत गेल्यावर तुम्ही ओरडायचं नाही."

"मी ओरडत नाही. माझा आवाज तसा आहे."

आत एक मध्यस्थ बाई होत्या, पिकल्या केसांच्या, शांत. समोर कंपनीचा माणूस, त्या गाळ्यातला नव्हे, दुसराच, फायलीने वारा घेत बसलेला. तो पहिल्यांदाच म्हणाला, कंपनी वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला तयार आहे. मी साहेबांकडे बघितलं, साहेबांनी माझ्याकडे. एवढं सोपं? मला तिथल्या तिथं उठून घरी जावंसं वाटलं. एवढे दिवस अंगात जे चरचरत होतं ते एकदम गळून पडल्यासारखं झालं, पायसुद्धा दुखायला लागले.

त्या माणसाने कागद पुढे केला. मध्यस्थ बाईंनी हिच्यासाठी मोठ्याने वाचला. "ग्राहकाच्या गैरसमजामुळे निर्माण झालेला वाद, कंपनी सद्भावनेने, ग्राहकाचे वय व अशिक्षितपणा लक्षात घेऊन..."

आता मी उसळायला पाहिजे होतं. साहेबांनी तर माझा दंड धरून ठेवलेला, आधीच. पण खरं सांगतो, मला उसळायचं नव्हतं. मला ते पांढरं कपाट माझ्या घरातून जायला पाहिजे होतं. मी हिच्या कानाशी म्हणालो, "जाऊ दे. दे अंगठा. घरी जाऊ."

ही हलली नाही. "गैरसमज कोणाचा म्हणाले?" हिने विचारलं.

मध्यस्थ बाई म्हणाल्या, "तुमचा, असं त्यांनी लिहिलंय."

"मला काय गैर समजलं?"

कंपनीचा माणूस म्हणाला, "मावशी, ती फक्त भाषा असते हो. त्याचं एवढं मनावर नाही घ्यायचं. पैसे मिळतायत ना?"

"पैसे ह्यांचे. ह्यांना द्या," ही म्हणाली. "मला हे सांगा, मी काय चुकले?"

"चुकलात असं नाही. पण तुम्ही पूजा केलीत, फोटोत दिसतंय. पूजा आपण आपल्याच वस्तूची करतो ना?"

"दसऱ्याला एसटीला हार घालतात," ही म्हणाली. "डायवर नारळ फोडतो. म्हणून एसटी डायवरची झाली का?"

मध्यस्थ बाईंनी कागदात बघायला सुरुवात केली. त्यांचे खांदे हलत होते. साहेबांनी माझा दंड सोडला.

"मी परक्याच्या बैलाला पण हळदीकुंकू लावलंय," ही पुढं म्हणाली. आता ती थांबत नव्हती. "दारात आलेल्या वस्तूला लावायचं असतं. राहू दे नाहीतर परत जाऊ दे. त्यात काय घेणं-देणं असतं?"

मी म्हणालो, "अगं, आता पुरे, ते देतायत ना..."

"तुम्ही गप बसा जरा."

सगळ्यांसमोर. आमच्या लग्नाला किती वर्षं झाली ते मोजत बसत नाही, पण हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मी गप बसलो.

ही मध्यस्थ बाईंना म्हणाली, "बाई, मी शाळेत गेले नाही हे लिहा. खरं आहे ते. आमच्या गावात पोरींना शाळेत कोण धाडत होतं? ह्यांना उगीच त्याची लाज वाटते, मला नाही वाटत. पण मला कळलं नाही असं लिहू नका. मला कळलेलं. ती बाई माझ्या घरात चहा पिऊन म्हणाली, नाही आवडली तर मी परत नेते. मी ते ऐकलं आणि खरं धरलं. ह्याला गैरसमज म्हणतात का?"

ह्यांना उगीच लाज वाटते, हे तिने अगदी सहज म्हटलेलं, मीठ कमी पडलं म्हणावं तसं. मी साहेबांच्या घरात त्या दोन शब्दांवर चहा गार करून आलो होतो, आणि त्यातला एक शब्द हिला मुळात टोचतच नव्हता. दुसरा टोचत होता. तो कुठला, हे मला घरात कधी दिसलं नाही.

कंपनीचा माणूस म्हणाला, वरच्यांना विचारायला लागेल. फोन घेऊन बाहेर गेला. मध्यस्थ बाईंनी हिला पाणी दिलं आणि विचारलं, "परत नेईन असं त्या नक्की म्हणाल्या होत्या?"

"माझ्या तोंडावर. ह्यांनी पण ऐकलंय."

मी मान हलवली. बोललो नाही. मला गप बसायला सांगितलेलं होतं.

दाराच्या काचेतून तो माणूस दिसत होता, हात हलवत बोलत होता. मला उठून फेऱ्या माराव्याशा वाटत होत्या, पण तिथं जागा नव्हती. मी टेबलाखाली पाय हलवत बसलो. हिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, पाय थांबला. हात काढला की परत सुरू.

तो आत आला. म्हणाला, कंपनीची चूक झाली असं लिहून देता येणार नाही, तेवढं सोडून बोला. मध्यस्थ बाई म्हणाल्या, "मग या म्हणतात तेच लिहू या. विक्रीच्या वेळी दिलेल्या आश्वासनानुसार कंपनी वस्तू परत घेत आहे. यात कोणाची चूक नाही आणि कोणाचा गैरसमज नाही. चालेल, आजी?"

हिने ते परत वाचायला लावलं. मग विचारलं, "आश्वासन म्हणजे तिने दिलेला शब्दच ना?"

"हो, तोच."

"मग चालेल."

त्या माणसाने पुन्हा फोन केला, पुन्हा आला, हो म्हणाला. नवा कागद तयार झाला. मी तो हातात मागून घेतला आणि बोट धरून पहिल्यापासून वाचला. सगळे थांबले. थांबू देत. मग हिने अंगठा उमटवला. खाली छापलेलं होतं, मजकूर वाचून दाखवला व तो समजला. साहेबांनी साक्षीदार म्हणून सही केली. बाहेर आल्यावर ते हिला म्हणाले, "वहिनी, संस्थेत या तुम्ही. आमच्याकडे बोलणारी माणसं कमी आहेत."

"मी कशाला? ह्यांना न्या. घरात तेवढीच शांतता."

पैसे आधी खात्यात आले. घरघंटी न्यायला माणसं आली ती नंतर, भर सकाळी, दोघं जण, खाली टेम्पो उभा करून. त्यांनी ती पॅसेजमध्ये काढली. एकाने कागद माझ्यापुढे धरला. "काका, इथं सही करा, आम्ही निघतो."

"माझी नाही चालायची."

"काका, काय फरक पडतो? घरातलं कोणीतरी पाहिजे फक्त."

"पावती कोणाच्या नावावर आहे बघ. वाच."

त्याने वाचलं. डोकं खाजवलं. "मग मावशींना बोलवा ना लवकर. टेम्पो नो पार्किंगमध्ये आहे."

मी आत गेलो. ही परातीवर वाकलेली, कोपरापर्यंत पिठात. मुलीने आदल्या दिवशी पलीकडच्या गिरणीतून ज्वारी दळून आणून दिलेली. भाकरी हिच्या हाताखाली गोल फिरत होती, कड एका जागी फाटली नव्हती.

"ते आलेत. अंगठा पाहिजे."

"थांबायला सांगा," ती वर न बघता म्हणाली. "तवा तापलाय."

मी बाहेर येऊन सांगितलं. ते दोघं एकमेकांकडे बघत राहिले, एकाने खाली फोन लावून टेम्पो पुढे घ्यायला सांगितलं. आणि मग थांबले.